"नको" म्हणायची मुभा आधी, रायफल नंतर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"ताई, आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो, मूळचे सांगलीकडचे. लेक १३ वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणीच्या घरचे शिकारीला जातात, त्यांच्या नादाने तिने हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा कोर्स केला, कार्ड मिळवलं आणि वर्षभर माझ्या मागे लागली. शेवटी वायोमिंगला प्राँगहॉर्नसाठी (तिकडच्या माळावरचं हरणासारखं दिसणारं जनावर) अर्ज भरला आणि ड्रॉमध्ये तिला लायसन्स लागलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॅस्परच्या बाजूला तीन दिवसांची गाइडेड शिकार बुक केलीय, अर्धे पैसे भरलेत. मी स्वतः आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. मी एचवनबी व्हिसावर, लेक एचफोर व्हिसावर, आम्हाला बंदूक हातात घेता येते का तेही माहीत नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, माळकरी आहेत, ऐकल्यापासून नातीशी धड बोलत नाहीत. बायको म्हणते तुमचं तुम्ही बघा. ऐन वेळी लेक रडली तर? जनावर जखमी होऊन पळालं तर? मी पण लायसन्स घ्यायला हवं होतं का? आणि मुळात बाप म्हणून मी बरोबर करतोय का? तुम्ही मुलाला घेऊन गेला होतात असं कळलं म्हणून विचारतोय."

दादा, पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला चार दिवस लागले कारण तुमच्या पत्राने मला नऊ वर्षं मागे नेलं. सगळ्यात शेवटचा प्रश्न आधी घेते. जा. लेकीने कोर्स केलाय, वर्षभर तिचा विचार बदललेला नाही, तिने हट्टाने मागितलंय आणि अभ्यास करून मागितलंय, तर घेऊन जा. पण एक गोष्ट आत्ता, घरी, बुकिंग केलेल्या गाइडशी फोनवर आणि लेकीशी समोरासमोर बसून पक्की करा, ती म्हणजे ट्रिगर दाबायचा की नाही हे शेवटच्या सेकंदापर्यंत फक्त तिने ठरवायचं, आणि ती "नको" म्हणाली तर कुणीही का म्हणून विचारायचं नाही, गाइडने नाही, तुम्ही तर नाहीच नाही. बाकी मी पुढे जे काही लिहिणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठीच आहे.

का म्हणते ते सांगते.

माझा मुलगा तेव्हा १२ चा होता. मिस्टर कामासाठी बाहेर होते म्हणून मीच त्याला घेऊन गेले, पूर्व वायोमिंगला, असंच तीन दिवसांचं पॅकेज. पहिला दिवस वाऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन-तीन वेळा जवळ जायचा प्रयत्न केला पण कळप आधीच पळायचा. गाइड माणूस कामाचा होता पण त्याची दुसरी गिऱ्हाइकं येणार होती आणि त्याला आमचं काम लवकर उरकायचं होतं, हे मला सकाळपासून जाणवत होतं तरी मी गप्प होते. संध्याकाळी एक नर दिसला, तीनशे यार्डांच्या आसपास, चालत होता. मुलगा हळूच म्हणाला, आई, लांब वाटतंय गं. गाइड म्हणाला आत्ताच, आत्ताच, जातोय तो. मुलाने रायफलवरून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं, डोक्यात पैसे होते, उद्याचा शेवटचा दिवस होता, रिकाम्या हाताने परत गेलो तर हा खट्टू होईल हे होतं. त्या जनावराचा विचार नव्हता आणि खरं सांगायचं तर मुलाचाही नव्हता.

गोळी पोटात मागे लागली. ते जनावर पडलं नाही, पळालं, थांबलं, परत पळालं, दीड तास आम्ही मागे होतो, शेवटी अंधार पडायच्या आधी गाइडनेच दुसरी गोळी मारून त्याला संपवलं. मुलगा चेयेनपर्यंत एक अक्षर बोलला नाही. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा गाडीत मागे बसल्या बसल्या म्हणाला, तू मान हलवलीस म्हणून मी मारलं.

तर तुम्ही विचारलंय जखमी झालं तर काय. जखमी होऊ शकतं, चांगल्या नेमबाजाकडूनही होतं. पण ते होण्याची शक्यता बरीच कमी करणं तुमच्या हातात आहे, आणि ते ऑक्टोबरमध्ये वायोमिंगच्या माळावर होत नाही, आत्ता उन्हाळ्यात शूटिंग रेंजवर होतं.

आधी कायद्याचं, कारण त्याशिवाय रेंजवर पाऊल टाकू नका. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. एचवनबी, एचफोर, स्टुडंट व्हिसा सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. पण त्याच कायद्यात अपवाद आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेलं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणजे लेकीकडे स्वतःच्या नावाचं चालू लायसन्स हवं, आणि ते नुसतं असून उपयोग नाही, रायफल हातात असेल तेव्हा खिशात हवं, रेंजवर सुद्धा. कोलोराडोचं छोट्या जनावरांच्या शिकारीचं युथ लायसन्स अगदी स्वस्तात मिळतं, कार्ड तिच्याकडे आहेच, तर तेही काढून ठेवा म्हणजे सरावाच्या काळात शंकेला जागा नको. तुमच्या नावाचं लायसन्स नाही, म्हणून तुम्ही रायफल हातात घ्यायची नाही, लेक "बाबा, जरा धरा" म्हणाली म्हणून सुद्धा नाही, गाडीतून उतरवायला सुद्धा नाही. हा साधा दंडाचा मामला नाही, व्हिसावर येऊ शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

आता माझं मत विचाराल तर तुम्हीही तो हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या कुणालाही लायसन्स काढायचं तर तो लागतोच, वायोमिंगमध्ये ही तारीख १ जानेवारी १९६६ आहे. पण कोर्स करा तो लायसन्ससाठी नाही, तर लेकीला जे माहितीय ते तुम्हालाही माहीत असावं यासाठी. रायफलचं तोंड कुठे आहे, सेफ्टी लागलीय का, बोट ट्रिगरवर आहे की बाहेर, जनावराच्या मागे काय आहे, हे बघायला चार डोळे असावेत. बापाला यातलं काहीच कळत नसेल तर तिथे गाइड म्हणेल ती पूर्व दिशा, आणि मग माझ्यासारखी मान हलवायची वेळ येते.

आणि नाही, तुम्ही शिकारीचं लायसन्स घेतलं नाहीत ते उत्तम झालं. एकच लायसन्स, तिचं. दोघांकडे असलं की बापाचं अर्धं लक्ष स्वतःच्या नराकडे लागतं. तुम्ही दुर्बीण घ्या आणि तिच्या शेजारी पोटावर आडवे पडा, तेवढंच तुमचं काम.

सरावाबद्दल. मैत्रिणीचे बाबा शिकारी आहेत ना, त्यांना विनंती करा, त्यांच्या देखरेखीखाली रेंजवर न्या. सुरुवात पॉइंट टू-टू च्या छोट्या रायफलने, तिला धक्का नसतो, आवाज कमी, त्यामुळे ट्रिगर दाबताना डोळे मिटायची सवय लागत नाही. मग टू-फोर्टी-थ्री किंवा सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर, मुलांसाठी बहुतेक जण हेच सांगतात आणि प्राँगहॉर्नला ते भरपूर होतं. कानाला इअरमफ, डोळ्याला चष्मा, यात तडजोड नाही. माझ्या मुलाला पहिल्याच दिवशी मोठ्या रायफलचा धक्का खांद्याला बसला होता आणि मग तो प्रत्येक गोळीला दचकायचा, ते घालवायला आम्हाला दोन महिने लागले.

टेबलावर रायफल ठेवून शंभर यार्डांवर गोळ्या एका जागी लागल्या की लोक खूश होतात. तिथे टेबल नसतं हो. सेजब्रशची झुडपं असतात, खडे असतात, निवडुंगाचे काटे असतात, आणि वारा असतो, वायोमिंगचा वारा म्हणजे आपल्याकडे आषाढात घाटमाथ्यावर असतो तसा, फक्त कोरडा. तर टेबल सोडा आणि पोटावर झोपून, मांडी घालून बसून, शूटिंग स्टिकवर टेकवून सराव करा. कागदाची छोटी डिश लावा, सहा इंची. प्राँगहॉर्नच्या खांद्यामागचा हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण आठ-नऊ इंचांचा असतो, पण तिथे छाती धडधडत असणार म्हणून डिश छोटी घ्यायची. पाचपैकी पाच गोळ्या डिशमध्ये ज्या अंतरावरून बसतात ते तिचं अंतर. शंभर तर शंभर, दीडशे तर दीडशे. ते तिने स्वतः वहीत लिहायचं, तारीख टाकून, आणि गाइडला पहिल्या दिवशी तेच सांगायचं की माझं अंतर एवढं आहे. मग दोनशेवर कितीही देखणा नर उभा असो, तो आपला नाही. आणि ज्या रायफलने सराव केला तीच तिथे न्या, किंवा गाइडची वापरणार असाल तर आदल्या दिवशी त्याच रायफलने तिला वीसेक गोळ्या मारू द्या.

आता गाइड. तुम्हाला कुणी सांगितलं का माहीत नाही, पण प्राँगहॉर्नसाठी गाइड घेणं वायोमिंगमध्ये बंधनकारक नाहीये. बाहेरच्या राज्यातल्यांना मोठ्या जनावरांसाठी गाइड लागतो तो फक्त फेडरल सरकारने विल्डरनेस, म्हणजे राखीव रान म्हणून जाहीर केलेल्या भागात, आणि प्राँगहॉर्न तर उघड्या माळावरचं जनावर. गाइडचे पैसे आपण मोजतो ते मुख्यतः जागेसाठी, कारण तिकडे पूर्वेला बरीचशी जमीन रँचवाल्यांची खासगी आहे, सरकारी तुकडे मध्येमध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे विखुरलेले, आणि परवानगीशिवाय कुंपणाच्या आत पाय टाकला की गुन्हा. तुमच्यासारख्या पहिलटकरांनी गाइड घेतला हे बरंच केलं. फक्त त्याच्याकडे राज्याच्या आउटफिटर (शिकारीच्या सहली नेणारे) बोर्डाचं लायसन्स आहे ना ते बघून घ्या, आणि फोन करून काही गोष्टी सरळ विचारा. तुम्ही शिकार न करता सोबत असणार त्याचे वेगळे पैसे आहेत का. जनावर जखमी होऊन सापडलं नाही तर शिकार संपली असं धरता का, कारण बरेच जण तसं धरतात, आणि मला स्वतःला तो नियम योग्य वाटतो. त्या तीन दिवसांत तो फक्त तुमच्यासोबत असणार की दुसरी पार्टी पण आहे. टीप देण्याची पद्धत आहे, ते बजेटमध्ये धरा.

आणि मग त्याला हे सांगा, याच शब्दांत सांगितलं तरी चालेल: तू अंतर सांग, वारा सांग, कुठलं जनावर ते सांग, पण "मार" असं म्हणू नकोस. तो शब्द तिचा आहे. चांगला गाइड हे ऐकून खूश होतो, मी नंतर दोन जणांशी बोलले तेव्हा दोघंही म्हणाले की असं सांगणारे आईबाप फार कमी भेटतात. ज्याला हे आवडणार नाही त्याच्याबरोबर जाऊ नका, भरलेले पैसे गेले तर गेले.

लेकीशी एक खूण ठरवून ठेवा. तुमच्याकडे तर आयती सोय आहे, मराठी. माळावर तुम्ही दोघं कुजबुजताना गाइडला काही कळणार नाही. ती "नको" म्हणाली की तुम्ही इंग्लिशमध्ये गाइडला म्हणायचं, वुई आर नॉट टेकिंग धिस वन, बस. तिला कारण द्यावं लागणार नाही, गाइडचं तोंड बघावं लागणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला एका अनोळखी मोठ्या माणसासमोर नाही म्हणणं किती अवघड असतं, विचार करा, ते ओझं तुम्ही उचला. घरी याची खरोखर प्रॅक्टिस करा, सोफ्यावर झोपून, मी हसत नाहीये, तिने म्हणायचं नको, तुम्ही म्हणायचं ठीक. दहा वेळा.

आता त्या जनावराबद्दल, कारण सगळे शिंगांबद्दल बोलतात आणि जनावर राहूनच जातं. तिकडे सगळे त्याला अँटिलोप म्हणतात पण ते हरीणही नाही आणि आपल्या काळवीट-चिंकारासारखं खरं अँटिलोपही नाही. त्याच्या कुळात आता तेवढंच एक शिल्लक आहे, आणि जिवंत नातेवाइकांत सगळ्यात जवळचे कोण, तर जिराफ आणि त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद ओकापी! शिंगावरचं आवरण दरवर्षी गळतं आणि परत येतं, आतलं हाड राहतं. मादीलाही छोटी शिंगं असू शकतात, त्यामुळे नर ओळखायचा तर गालावरचा काळा पट्टा बघायचा. पळायला लागलं की ताशी ५५ मैलांच्या आसपास. आज अमेरिकेत त्याच्या मागे एवढं पळणारं कुणीच नाही, म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की हजारो वर्षांपूर्वी तिथे चित्त्यासारखं एक जनावर होतं, ते नामशेष झालं पण त्याच्या भीतीने आलेला वेग यांच्यात राहिला. मला हे वाचून आपल्याकडचं आठवलं होतं, कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीटांची शिकार व्हायची. आता तिथे चित्ते नाहीत.

एवढं पळणारं जनावर कुंपणावरून मात्र सहसा उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. तुम्ही बघालच, खालची तार काटेरी आणि फार खाली असेल तर पाठ सोलवटून निघते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी खालची तार गुळगुळीत आणि थोडी वर घेतात. लेकीला हे दाखवा, गाइडला विचारा की या रँचवर कुंपण कसं आहे.

शंभर वर्षांपूर्वी ही जमात संपत आली होती, जेमतेम काही हजार उरले होते, आज काही लाख आहेत आणि त्यातला मोठा हिस्सा वायोमिंगमध्ये. हे आपोआप झालेलं नाही, शिकारीवर बंदी घातली, मग मोजून लायसन्स दिली, आणि १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-गोळ्यांवरचा कर फेडरल सरकारमार्फत राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जायला लागला. २०२२-२३ चा हिवाळा भयंकर गेला, पश्चिम वायोमिंगमध्ये हजारोंनी मेले, त्यानंतर खात्याने लायसन्स कमी केली. लेकीच्या हातातला तो कागद या हिशोबातून आलाय हे तिला माहीत असावं.

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. माझं माहेर कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जवळ, लहानपणी वडील सायकलवर बसवून न्यायचे आणि लांबूनच दाखवायचे, आवाज करू नको म्हणायचे. आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, काळवीट मारणं गुन्हा, आणि तो असायलाच हवा. मी वायोमिंगच्या माळावर पहिल्यांदा प्राँगहॉर्न बघितला तेव्हा मला बाबांची सायकल आठवली. ते आणि हे एकाच मनात ठेवणं मला जड गेलं, आजही जातं. तुमच्या सासूबाईंना जे वाटतंय ते मला कळतं.

त्यांच्याबद्दल. त्यांना पटवू नका. आकडे सांगू नका, कराचे कायदे सांगू नका, "तुम्ही जुन्या विचारांच्या" असलं तर चुकूनही नाही. गळ्यात माळ घातलेल्या बाईला नातीने जीव घेऊ नये असं वाटणं यात चुकीचं काय आहे? लपवाछपवी मात्र करू नका, कॅम्पिंगला जातोय वगैरे. लेकीनेच आजीजवळ बसून सांगावं की आजी मी जाणार आहे, मला का जायचंय ते सांगते, तुला आवडणार नाही हे मला माहितीय. आजी बोलली नाही तरी चालेल. आणि मांस घरी आणाल तेव्हा त्या असेपर्यंत स्वयंपाकघरात शिजवायचं नाही. आमच्या गावाकडे घरात चालत नसलं की अंगणात तीन दगडांची चूल मांडतात, भांडी वेगळी, पळी वेगळी. तुम्ही बॅकयार्डमध्ये शेगडी लावा, पातेलं नवीन घ्या. फ्रीजरमध्ये पण त्यांचा कप्पा सोडा, शक्य असेल तर गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर ठेवा.

बायकोशी मात्र बोला हं, "तुमचं तुम्ही बघा" हे उत्तर नाहीये. ती आई आणि लेक यांच्यामध्ये अडकलीय. तिला विचारा तुला स्वतःला काय वाटतं.

रडण्याबद्दल. रडेल. कदाचित गोळीनंतर, कदाचित आधी, कदाचित घरी आल्यावर आठवड्याने. माझा मुलगाही रडला, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा, सगळं व्यवस्थित झालं तेव्हा. हो, आम्ही परत गेलो, दोन वर्षांनी, त्याने स्वतः विचारलं म्हणून, मादीचं लायसन्स घेऊन. त्या वेळी तो दोनदा नको म्हणाला. एकदा वारा होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा का ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशेवीस यार्डांवर एक मादी आडवी उभी होती, त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. गोळी लागली, ती तीसेक पावलं गेली आणि पडली. त्याने चेंबर (गोळी बसते तो भाग) उघडून रायफल खाली ठेवली, रडला, मग डोळे पुसून म्हणाला सुरी दे. तेव्हा पाठीवर हात ठेवा आणि गप्प बसा. फोटो लगेच काढू नका, गाइड घाई करेल, थांब म्हणा. अभिनंदन वगैरे पण तिचं तोंड बघून.

पहिली गोळी लागली की लगेच दुसरी गोळी चेंबरमध्ये आणि स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, नजर हलवायची नाही, हे तिला कोर्समध्ये शिकवलंच असेल, पण त्या क्षणी सगळे विसरतात, तुम्ही आठवण करा. उभं असेल तर परत मारायचं. यात दयामाया म्हणजे उशीर न करणं. जवळ गेलात की आधी लायसन्सच्या कुपनवर तारीख आणि सही, ते तिने करायचं, तिच्या हाताने.

आणि मग घाई, खरी घाई. प्राँगहॉर्नचं मांस बेचव, उग्र असतं असं जे लोक सांगतात ते बहुतेक वेळा उन्हात ट्रकमध्ये तासभर पडलेलं असतं म्हणून. त्याचे केस आतून पोकळ असतात, थंडीत ऊब धरायला, ते मेल्यावरही ऊब धरून ठेवतात आणि ऑक्टोबरात पहाटे गोठलेलं असलं तरी दुपारी चांगलंच तापतं. तर लगेच पोट साफ करायचं, तासाभरात कातडं काढायचं आणि तुकडे करून बर्फाच्या कूलरमध्ये. दोन मोठे कूलर घरून भरून न्या. बर्फाचं पाणी साचू देऊ नका, बूच उघडं ठेवा, मांस पिशवीत कोरडं राहिलं पाहिजे. लेकीला हे सगळं करू द्या, किळस आली तर येऊ द्या, तिला जमेल तेवढं. खाण्याजोगं मांस टाकून येणं वायोमिंगमध्ये गुन्हा आहे, मला वाटतं तो कायदा नसता तरी तुम्ही टाकलं नसतंत.

पंधरा किलोच्या आसपास मांस हाताला लागेल. चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे मटणासारखं करायला गेलात तर वातड होईल. पाठीचा लांब तुकडा निघतो तो आलं-लसूण, मीठ, थोडी हळद लावून तव्यावर दोन-दोन मिनिटं, बस, आतून गुलाबी ठेवायचा. मांडीचं मांस कुकरला लावून रस्सा, आमच्याकडे काळा मसाला घालून करतो, वरून तेल थोडं जास्त कारण त्याची स्वतःची चरबी नाही, आणि बाजरीची भाकरी. उरलेल्याचा खिमा. सेजब्रशचा एक वास येतो हलकासा, मला तो आवडतो.

सामानात गुडघ्याला पॅड टाका, रांगायचं असतं आणि निवडुंग असतो, एक चिमटा पण टाका काटे काढायला. भगवा किंवा गुलाबी फ्लोरोसंट जॅकेट किंवा टोपी तिच्यासाठी कायद्याने लागते, तुम्हीही घाला. गाडीतून किंवा रस्त्यावरून गोळी मारायची नाही, गाइडने ट्रकमधून उतरायच्या आधीच रायफल काढायला सांगितली तर तिथेच थांबवा.

शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा आणि ती संध्याकाळ नुसतं बघण्यात घालवा, रायफल खोलीत. ते मागच्या बाजूचे पांढरे केस फुलवून एकमेकांना इशारा देतात ते मैलभरावरून दिसतं. त्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, तुम्ही टेकडीवर नुसतं डोकं काढलंत तरी कळपातल्या एकीने बघितलेलं असेल. लेकीला ते सगळं दुर्बिणीतून बघू द्या, पाहिजे तेवढा वेळ. तिथेच तिला कदाचित कळेल की तिला मारायचंय की नाही, आणि तिथून परत यायचं म्हणाली तर डिनरला कॅस्परमध्ये थांबा आणि सकाळी निघा.

काहीही झालं तरी आजीला फोन तिलाच करू द्या, तुम्ही आधी सांगू नका. मारलं असेल तर मारलं म्हणेल, नसेल तर नाही म्हणेल. तुम्ही गाडीच्या बाहेर उभे राहा.